आम्हाला अजून कळलेलं नाही

६ फेब्रु., गुरु.
मांडववाला तिसऱ्यांदा येऊन गेला. गच्चीवर घालायचा की दारात, ह्यांचं अजून ठरत नाही. लग्न सोळाला. मी म्हटलं, सतराला ठरवा, सवडीनं.

वैजूचे ब्लाउज अजून सांगलीतच. शालनला फोन केला तर म्हणते, "काजं-बटणं राहिलीत, जीव खाऊ नको." जीव कसला खातेय? लेकीचं लग्न आहे. पण शालन ती शालन. माझी चुलत जाऊ, एकाच मांडवात आम्हा दोघींची लग्नं लागली, सासूबाईंच्या शिव्या दोघींनी मिळून खाल्ल्या. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून सांगलीत शिवणवर्ग चालवते. माझ्या अंगावरचा एकही ब्लाउज दुसऱ्या कुणी शिवलेला नाही.

संध्याकाळी धनूचा फोन, म्हणजे शालनच्या लेकाचा. लांब उत्तरेत असतो, हवाई दलात. "काकी, रविवारी आमचा एअर शो आहे. टीव्हीवर बातम्यांत दाखवतील. चार विमानांतलं डावीकडचं माझं."
"कुणाच्या डावीकडचं?"
"तुझ्या गं, तुझ्या."
चौदाला सुट्टी घेऊन येतोय. वैजूला सख्खा भाऊ नाही, कानपिळीचा मान धनूचा. म्हटलं, जपून पीळ, जावई लष्करातला आहे. म्हणाला, "आर्मीवाल्यांचे कान पिळायला आम्ही निमित्तच शोधत असतो."

८ फेब्रु., शनि.
शाळा सकाळची. नंतर पत्रिका वाटल्या. पाय दुखतात. बाकी काही नाही.

९ फेब्रु., रवि.
सात वाजता तिघं टीव्हीपुढं बसलो. वैजूनं शेजारच्यांनाही बोलावलं होतं, ते आले नाहीत, बरं झालं.

दाखवलं. चार विमानं एकदम वर गेली, लोक टाळ्या वाजवतायत. मग एक सुटं होऊन उलटं झालं, गिरकी घेतली, आणि खाली येतच राहिलं. झाडांमागं धूर. वैमानिक ठार, म्हणाली बातम्या देणारी बाई. नाव नाही सांगितलं. मी डावीकडचं बघत होते, पण उलटंपालटं होताना डावं कुठलं न् उजवं कुठलं. वैजू म्हणाली, "आई, तो नसेल गं." मी म्हटलं, नसेलच.

थोड्या वेळानं फोन वाजला. मी उठले. हे आधी पोचले आणि रिसीव्हरवर हात ठेवून उभे राहिले. उचलला नाही.
"अहो, उचला की."
"थांब. लग्न आठवड्यावर आलंय."
वाजून वाजून थांबला. परत वाजला. ह्यांचा हात तसाच. तिसऱ्यांदा वाजला नाही.

तेव्हाच कळलं काय ते. नाही, असं लिहायचं नाही. कळलेलं नाही.

१० फेब्रु., सोम.
पेपरात नाव आहे, फोटो आहे, गाव सांगली. आडनाव आमचंच.

बापू, म्हणजे माझा धाकटा दीर, पहिल्या गाडीनं गावाकडून आला. कोरेगावचं स्टँड सोडल्यापासून सगळ्या गाडीत हाच विषय, म्हणाला. चहा घेतला आणि बशी खाली ठेवून म्हणाला, "वैनी, नीट ऐका. आपल्याला काय बी ठावं न्हाई. कळलं तवापासनं सुतक. कळलंच न्हाई तर कसलं सुतक आन् कसलं काय? भावकी बसली व्हती काल. बाकीच्यांनी सुतक धरलंय. तुमच्या घरी कुनी सांगायचं न्हाई, असं ठरलंय."
"अरे, पेपरात आलंय बापू."
"पेपर तुमी वाचला न्हाई."
"टीव्हीवर दाखवलं."
"लाईट गेली व्हती."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. म्हणाले, वैजूचं एकदा मोडलंय. साखरपुड्यापर्यंत आलेलं. आता हे पुढं ढकललं, तर जावयाची सुट्टी संपणार, तो परत आसामात जाणार, वर्षाचं घोंगडं भिजत पडणार. तोवर लोक काय काय बोलतील. त्यात खोटं काही नाही. मलाही तेच वाटतं, हे इथं लिहून ठेवते. सगळं एकट्या बापूवर ढकलायला नको.

पण म्हणजे सांगलीला जायचं नाही. गेलं की कळलं. फोनही करायचा नाही.

वैजू दुपारी मोरीत नळ सोडून बसली होती. बाहेर आली नि म्हणाली, "आई, मी रडू का नको? सांग तसं करते." मला इतका राग आला. कुणाचा, ते माहीत नाही. म्हटलं, रड, पण डोळे सुजवून घेऊ नको, उद्या फोटोवाला येणार आहे.

११ फेब्रु., मंगळ.
शाळेत निघाले तेव्हा वाटलं होतं, चार तास तरी लग्न नाही आणि तेही नाही. कसलं काय. शिक्षकांच्या खोलीत तोच पेपर. पाटीलसर म्हणाले, इंजिन बंद पडलं असणार. देशमुखबाई म्हणाल्या, मग उडी का नाही मारली, छत्री असते की. पाटीलसर म्हणाले, खाली माणसं होती, विमान तिकडं शेतात नेलं, तोवर उशीर झाला, छापून आलंय. देशमुखबाई म्हणाल्या, "आईचा विचार करायचा की नाही मेल्यानं!" आणि डोळ्याला पदर लावला. त्या बाईनं धनूला कधी बघितलेलंसुद्धा नाही. मी वह्या तपासत होते. एकाच वहीवर दोनदा सही केली.

मग हेडसर आले. पार्थिव पुण्याहून सांगलीला रस्त्यानं जाणार, साताऱ्यावरून. आठवी-नववीच्या मुलांना हायवेच्या फाट्यावर न्यायचं, फुलं द्यायची. "बाई, तुमची नववी पुढं ठेवा, त्यांना रांगेत उभं राहता येतं." काय म्हणणार? माझी नववी खरंच रांगेत उभी राहते.

ऊन फार. पोरींच्या हातात झेंडू, मळून मळून चोथा झाला. एक पोर म्हणाली, "बाई, तुमचंच आडनाव की हो त्यांचं!" म्हटलं, रांग मोडू नको.

गाडी आली. पुढं जीप, मग लष्कराचा ट्रक, मग दोन गाड्या. ट्रकवर पेटी, तिरंगा. कुणीतरी 'अमर रहे' म्हणालं, पोरं ओरडली. मी झेंडू टाकला तो ट्रकला लागलाच नाही, रस्त्यावर पडला आणि मागच्या गाडीखाली गेला. सगळं धड मिनिटभर नसेल. धनू आमच्या गावावरून गेला आणि मी रस्त्याच्या कडेला नववी सांभाळत उभी होते, परक्यासारखी.

परत येताना पोरी उसाचा रस पिऊ म्हणाल्या. पाजला.

१२ फेब्रु., बुध.
सांगलीच्या घाटावर काल संध्याकाळी अग्नी दिला. बंदुकांची सलामी झाली म्हणे. पेपरात फोटो आहे, शालन मधोमध, दोन बायांनी दंडाला धरलंय. डोक्यावर पदर नाही. तिला पदर घ्यायला कुणी सुचवलं नाही का? मी असते तर घेतला असता तिचा पदर नीट.

चुड्याचं निमित्त करून बाहेर पडले. स्टँडवर सांगलीची गाडी लागली होती, बसले. तिकीट सांगलीचं काढलं. कराडला गाडी थांबली तेव्हा उतरले. का उतरले, कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. वैजूचा चेहरा दिसला असं काही नाही. पाय उतरले. कराडात बांगड्या घेतल्या, हिरव्या. घरी हे म्हणाले, साताऱ्यात मिळाल्या नाहीत का. म्हटलं, नाही.

१३ फेब्रु., गुरु.
आजपासून रजा.

फलटणहून विहीणबाईंचा फोन. मानपानाचं बोलल्या, मग हळूच म्हणाल्या, "ते विमानातलं वाचलं हो. तुमच्यापैकी का?"
हे समोरच उभे. बापूची बायको सुलभा कालपासून मदतीला आलीय, तीही लाटणं धरून दारात.
मी म्हटलं, "आडनावं काय हो, पुष्कळांची सारखी असतात."
"तेच म्हटलं. आमच्या ह्यांना शंका आली."
"नाही नाही. तुमच्या गाड्या किती येणार, ते सांगा."

फोन ठेवल्यावर सुलभा म्हणाली, "लय भारी बोललासा, आक्का." मला शरम वाटली. फोन ठेवलेला हात साबणानं धुतला. असं काही मी सहसा करत नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
धनू यायचा होता तो दिवस. त्याच्या नावची गादी मी आधीच माडीवर घातली होती, ती सुलभानं गुंडाळली.

दुपारी एस.टी.तून पार्सल आलं. सांगलीचं. कंडक्टरनं स्टँडवर ठेवलंय असा निरोप आला, हे जाऊन घेऊन आले. वैजूचे ब्लाउज. सगळे. काजं-बटणं, हुक, इस्त्री. चिठ्ठी नाही.

कधी पुरे केले तिनं? अग्नी देऊन आल्यावर? का शिवणवर्गाच्या मुलींनी केले? नाही, काजं शालनच्याच हातची आहेत. मी ओळखते.

सुलभा दोन पावलं मागं सरकली. "आक्का, हात लावू नगा. सुतकातल्या घरचं कापड हाय. लग्नात न्हाई चालत."
मी म्हटलं, "कुणाचं सुतक?"
"आवं..."
"सांग की. कुणाचं सुतक? आपल्याला कळलंय का काही?"
ती बापूकडं बघायला लागली. बापू म्हणाला, "तसं न्हाई वैनी, पर..." घसा साफ करून हे बाहेर गेले.
म्हटलं, "कळलेलं नाही ना? मग विटाळ पण नाही. दोन्ही बाजूनं नाही चालणार."
वैजूनं शालूवरचा ब्लाउज अंगात घालून बघितला. कुठंही ओढ नाही, कुठं ढिला नाही. ती आरशापुढून हलेना. मी तिला ओरडले, उगीचच.

१५ फेब्रु., शनि.
देवक बसलं. गुरुजी वाईचे, ह्यांच्या वडलांपासूनचे. संकल्पाच्या आधी विचारलं, "सोयर-सुतक काही नाही ना?" नेहमीचा प्रश्न. हे पाटावर, मी शेजारी, उपरण्याची गाठ माझ्या पदराला. गुरुजी थांबले. मग हे म्हणाले, "आमच्या कानावर काही नाही."
गुरुजींनी ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाईत पेपर येत नाही असं नाही. "बरं," म्हणाले आणि मंत्र सुरू केला. गाठीतून मला कळलं, ह्यांना कापरं भरलं होतं. एवढ्या वर्षांत मला ह्यांची कधी दया आली नव्हती, ती आज आली.

हळद झाली. घरभर बायका, गाणी. त्यात फोन वाजला, सुलभानं पटकन उचलला आणि तिचा चेहराच उतरला. माझ्या हातात देऊन पळाली.

"कुसुम, मी शालन."
"बोल गं."
"हळद झाली का?"
"आत्ताच."
"ब्लाउज बसले?"
"एकदम."
"बाहीला दोरा मोकळा ठेवलाय, लागला तर उसवता येईल. बरं, रविवारी मीच फोन केला होता. तुम्ही बाहेर गेला असाल पत्रिका वाटायला."
तीच म्हणाली, "असेल. लग्नघर म्हटल्यावर फिरणं आलं. ऐक, मला काही उद्या जमत नाही गं. पाय सुजलाय. आणि धनूलाही सुट्टी नाही मिळाली. कानपिळीला बापूच्या पोराला उभं कर."
ढोलकी चालली होती. सगळ्या बायका गात होत्या पण सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "काकी रागावलीय म्हणावं त्याला."
तोंडातून गेलं. नेहमीचं वाक्य आहे माझं.
मग म्हणाली, "सांगते." आणि ठेवला.

१६ फेब्रु., रवि.
लग्न लागलं. जेवणं नीट झाली. वैजू चांगली दिसत होती. कानपिळी बापूच्या पोरानं केली, हळूच, लाजत.

पाठवणीच्या आधी जावई पाया पडायला आले. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "आई, ते फ्लाइट लेफ्टनंट वैजयंतीचे भाऊ ना?"
मी वैजूकडं बघितलं. ती खाली बघत होती.
"मला पेपर वाचूनच कळलं होतं. तुम्ही काही बोलेनात, म्हणून मीही घरी काही बोललो नाही. पण मला विचारायचं होतंत, आई. असं कारण सांगितलं असतं तर रजा वाढवून मिळाली असती. नसती मिळाली तर पुढच्या सुट्टीत केलं असतं. मी काय पळून जाणार होतो?"

विचारायचं होतंत. भावकी बसली, बापू आला, हे, मी. ज्याच्या सुट्टीसाठी सगळं केलं, त्याला विचारावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. जावयाला असलं विचारायचं नसतं, म्हणून. मुलीकडच्यांनी कसं विचारायचं?

वैजू गेली. मी रडले. बायका म्हणाल्या, लेक सासरी निघाली की असंच होतं. चला, तेवढी सोय झाली.

१७ फेब्रु., सोम.
गोंधळ झाला, देवक उठलं. बापू म्हणाला, "आता मोकळं झालो, वैनी. आता सावकाश कळलं तरी चालंल." मी त्याला म्हटलं, "बापू, तू आता गावाकडं जा." तो बघतच राहिला. जाताना ह्यांना म्हणाला, वैनी दमल्यात.

ह्यांना जावयाचं बोलणं सांगितलं. हे खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. खूप वेळानं म्हणाले, "धनूचा बाप माझ्या बरोबरीचा होता गं. आम्ही एका ताटात जेवायचो." मग म्हणाले, उद्या तू जा. मला नाही जमणार. मी म्हटलं, का नाही जमणार? एकटीच जाणार.

१८ फेब्रु., मंगळ.
सकाळी पहिल्या गाडीनं सांगली. आज दहावा. वेणीफणी केली नाही, हिरव्या बांगड्या काढून ठेवल्या, मग वाटलं, हातात काहीच नसलं की आधीच कळलंय असं होईल. परत घातल्या. काय ही अवस्था.

घाटावरचं आटपून लोक आले होते. शिवणवर्गाची मशीनं भिंतीला लावलेली, मधे सतरंजी. शालन भिंतीला टेकून बसलेली. आत गेले आणि बोलणी थांबली. भावकीतल्या चार-पाच बाया होत्या, दोघी तोंड फिरवून बसल्या. एकीनं माझ्या बांगड्यांकडं बघितलं.

शालन म्हणाली, "बस कुसुम. लग्न नीट झालं?"
"झालं."
"वैजू गेली?"
"गेली."
"मग आता तुला सांगायला हरकत नाही. तुला कळवायचं राहिलं." तिनं पदर सारखा केला. "आपला धनू गेला गं."

आणि माझ्याकडं बघत थांबली. तिला काय हवं होतं ते मला कळलं. पहिल्यांदा ऐकणारी बाई जे विचारते ते मी विचारलं. "कसा?"

मग तिनं सांगितलं. पहिल्यापासून. त्याचा सकाळी फोन आला होता तो, त्यात काय बोलला, ती तेव्हा कुणाचा ब्लाउज बेतत होती, मग संध्याकाळी दारात दोन साहेब आले, त्यातला एक मराठी होता, त्यानं आधी पाणी मागितलं. पेटी उघडून दाखवली नाही. ती म्हणाली मला बघू द्या, तर तो मराठी साहेब म्हणाला, आई, नका बघू. एकेक गोष्ट. टीव्हीवर नव्हतं, पेपरात नव्हतं, भावकीला ठाऊक नव्हतं असलं. दहा दिवस मला माहीत होतं, पण मला काहीच माहीत नव्हतं. मी मोठ्यानं रडले, हुंदके देत. शालन नाही रडली. मी रडत होते तेवढा वेळ माझ्याकडं बघत होती, मापं घेताना बघते तशी.

मग शेजारणीला म्हणाली, "हिला आंघोळीला पाणी काढा. हिला आत्ता कळलंय."

मोरीत बसून डोक्यावरून पाणी घेतलं. गार होतं. बाहेर एका म्हातारीनं विचारलं, ही कोण आली? शालनचा आवाज आला. "साताऱ्याची जाऊ. त्यांच्याकडं लग्न होतं. त्यांना बिचाऱ्यांना काही कळलंच नव्हतं." मग एक बाई खाकरली. माझ्यावर पांघरूण घातलं की मला चारचौघांत उघडं पाडलं, आवाजावरून सांगता येईना. इतकी वर्षं ओळखते तिला.

तिचंच जुनं लुगडं दिलं नेसायला. ओल्या केसांनी थोडा वेळ बसले. तेराव्याचा विषय तिनं काढला नाही, मला विचारवलं नाही. गाडीची वेळ झाली तशी उठले. अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून नुसतीच चपला घालून निघाले. ते एक बरं झालं. म्हणाले असते, तर ती 'ये' म्हणाली असती का?